तिसऱ्या रांगेतलं वाक्य

मावशींची पदवी आता एका प्रात्यक्षिकावर येऊन ठेपली होती. एकोणीस वर्षं विंगेत संहिता धरून नटांना वाक्यं पुरवणाऱ्या या बाईंनी सत्तेचाळिसाव्या वर्षी नाट्यशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातलं, तेव्हा दीर म्हणाले होते, "वहिनी, गृहपाठ आम्ही तपासायचा का?" मावशी नुसत्या हसल्या होत्या. ही पदवी मिळाली, की त्यांना इथेच, विद्यापीठाच्या नाट्यविभागात, शिकवायला मिळणार होतं.

चारही सत्रांचे पेपर झाले, रंगमंचामागच्या कामाचे दोनशे तास भरले, प्रबंधही बांधून आला. उरलं होतं स्वतः बसवलेलं चाळीस मिनिटांचं नाटक. त्याची अट एकच: पडदा उघडला की दिग्दर्शकाने प्रेक्षकांत बसायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही. काढला तर प्रात्यक्षिक रद्द.

दुपारी चारला पडदा उघडला. तिसऱ्या रांगेत बसलेल्या मावशींनी मनातल्या मनात हात जोडले. परीक्षक बाई पुढच्याच रांगेत होत्या.

शेवटच्या प्रसंगात मुलगी घर सोडून निघते, दाराशी थांबते, बारा आकडे मोजून होईपर्यंत गप्प राहते आणि मग बोलते. ही शांतता मावशींनीच महिनाभर घोटवून घेतली होती. मुलीचं काम करायला त्यांच्याच वर्गातली चिमणी होती. ती दाराशी थांबली. आठ झाले, नऊ झाले. सभागृह चिडीचूप. आणि मावशींच्या तोंडून निघून गेलं, "आई, दार लावून घे."

प्रॉम्प्टरची सराईत कुजबुज ती, थेट रंगमंचावर पोहोचली. चिमणी ढिम्म हलली नाही. उरलेले आकडे पुरे करून मगच तिने वाक्य घेतलं.

तोंडी परीक्षेला जाताना चिमणीने मावशींचा दंड धरला. "कुणीतरी प्रेक्षक बोलला म्हणून सांगा. मीही तेच सांगेन."

"नको गं बाई," मावशी म्हणाल्या.

आत परीक्षक बाईंनी विचारलं, "मागून कोण बोललं?"

"मीच."

"ती वाक्य विसरली होती?"

"नाही. ती थांबली आणि माझं तोंड आपोआप उघडलं. इतक्या वर्षांची खोड आहे."

बाईंनी कागदावर शेरा लिहिला. "नाटक मला फार आवडलं. पण नियम मी मोडू शकत नाही. प्रात्यक्षिक पुढच्या सत्रात पुन्हा."

बाहेर चिमणी उसळलीच. "थोडं खोटं बोलला असतात तर काय आभाळ कोसळणार होतं?"

"माझं वाक्य ऐकू आलं होतं ना तुला? मग घेतलं का नाहीस?"

"अजून तीन आकडे उरले होते. तुम्हीच म्हणाला होतात, मध्ये कुणी ओरडलं तरी मोडायचं नाही."

मावशींचे डोळे भरून आले, पण हसूही आवरेना. त्यांनी कार्यालयाच्या खिडकीवरून पुढच्या सत्राचा अर्ज मागून घेतला. "सहा महिन्यांनी आहेस ना गं तू इथे?"

"आहे की. पण मावशी, तुम्ही बाल्कनीत बसायचं. शेवटच्या रांगेत."

"बसते हो. तोंडाला पदर लावून बसते," म्हणत त्यांनी अर्ज भरायला घेतला.