चौथा ठिपका

शुक्रवार, दुपारी सव्वातीन. कतारमध्ये, दोह्याजवळच्या अल रय्यानमधल्या एका फ्लॅटच्या बाल्कनीत माझ्या डाव्या बाजूवर ग्राइंडर फिरला. काम चार मिनिटांत आटोपलं. त्या चार मिनिटांत, मित्रांनो, माझ्या मालकाची खूण पुसली गेली.

मी हातकुऱ्हाड आहे, सुताराची. माझं वय पन्नासच्या आसपास असावं. दाभोळच्या खाडीकाठी एका लोहाराने मालमोटारीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून मला घडवलं आणि उजव्या बाजूला आपला शिक्का मारला, एक छोटा मासा. त्याच गावचे काही सुतार तेव्हा दोह्याला गलबतांच्या दुरुस्तीच्या कामावर निघाले होते. त्यांच्यातल्या रहमानने मला विकत घेतलं. सगळ्यांची हत्यारं एकाच पेटीत जायची, आणि सगळ्यांवर तोच मासा होता. मग आपली कुऱ्हाड ओळखायची कशी? प्रत्येकाने डाव्या बाजूला आपापली खूण ठोकून घेतली. रहमानला तीन मुलं होती. त्याने खिळ्याने तीन ठिपके ठोकले, एका रांगेत.

दोह्यात मी सात वर्षं सागाच्या फळ्या तासल्या. रहमान बोलायचा कमी. काम संपलं, की मला पुसायचा, तेलाचा हात फिरवायचा आणि मगच स्वतः हात धुवायचा. गलबताचा मालक इतरांना "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत फिरे, पण रहमानपाशी आला की गप्प उभा राहून बघे. ते कौतुक मला पुरे होतं.

एक्याऐंशी साली पत्र आलं. घरी मुलगी झाली होती, नाव जैतून. रहमानने खिळा घेतला आणि चौथा ठिपका ठोकला, पण रांगेत नाही, खाली, दांडा बसतो त्या भोकाजवळ.

"रांगेत घे की तिला," सोबतचा सुतार म्हणाला.

"ती मागून आली. मी अजून बघितली पण नाय. लांबच असू दे, परत गेल्यावर सांगेन तिला, ही तू."

पहिला घाव हलका बसला, म्हणून त्याने दुसरा मारला. तेवढा एक ठिपका इतरांपेक्षा खोल गेला. हे सगळं त्याने घरी लिहून कळवलं.

पुढच्या वर्षी तो तापाने गेला. त्याला इथेच दफन केलं. सोबती एकेक करून परतले आणि पेटी गोदामात राहिली. उन्हाळ्यात दमट हवेने मी गंजत गेले. हिवाळ्यात दार उघडलं, तर उजेडाची एक पट्टी यायची. तिच्यात मी माणसाची सावली शोधायचे. चाळीस वर्षं मला कोणी नावाने मागितलं नाही. मग गोदाम पाडलं, आणि पेटी भंगारात गेली.

दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात इलियासचं जुन्या सामानाचं दुकान आहे. तोही खाडीकाठचाच. मार्च महिन्यात तिथे हर्षल आला. मूळचा नाशिकचा, गॅस कंपनीत इंजिनियर. मुलीच्या शिक्षणासाठी बायको नमिता वर्षभरापूर्वी तिला घेऊन नाशिकला गेली. तेव्हापासून हा सुट्टीत जुनी हत्यारं शोधत फिरतो.

"साहेब, इथे झाडं कुठे आहेत तोडायला?" इलियासने विचारलं.

"तोडायचं काही नाही. साफ करून ठेवणार."

"वहिनी गावी आहेत वाटतं."

हर्षल हसला. मला वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेला.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी त्याने माझी उजवी बाजू व्हिनेगरने आणि तारेच्या ब्रशने साफ केली. मासा दिसला, तेव्हा त्याने आधी मला उजेडाकडे धरलं, मग फोटो काढून इलियासला पाठवला. इलियासने लगेच फोन केला. "हा आमच्या खाडीवरचा शिक्का, साहेब. गावच्या ग्रुपवर टाकतो. दुसऱ्या बाजूचा गंज हातानेच काढा हां, मशीन लावू नका."

हर्षल हो म्हणाला.

दर शुक्रवारी तीन वाजता तो मुलीशी व्हिडिओ कॉलवर बोलतो. त्या शुक्रवारी नमिताचा मेसेज आला, आज जादा क्लास आहे, उद्या बघू. हर्षलने फोन पालथा ठेवला. मग उठला आणि ग्राइंडर लावला. गंजाचे खड्डे आणि रहमानचे ठिपके त्याला सारखेच दिसले. लोखंड तापून निळा डाग उमटला, तेव्हा तो थांबला.

चार वाजून चाळीस मिनिटांनी इलियासने एक आवाजी मेसेज पुढे पाठवला. बोलणारी बाई सावकाश बोलत होती.

"भावा, मी जैतून. रहमान सुताराची धाकटी. त्या कुऱ्हाडीच्या दुसऱ्या बाजूस चार ठिपके आहेत काय, जरा बघ. तीन रांगेत नि एक खाली. खालचा माजा. बाबानं पत्रात लिवलंलं. मला त्यांनी कधी बघितला नाय, पण ठिपका मारलान. तो एकदा बघायचा आहे."

हर्षलने तो मेसेज तीनदा ऐकला. मग भिंग आणलं. वरचे तीन ठिपके गेले होते. खाली, भोकाजवळ, एक उथळ खळगा उरला होता. तो गंजाचा खड्डा नाही, मित्रांनो. ते दोन घाव मी सोसले आहेत. पण माझं बोलणं त्याला ऐकू जात नाही.

तुमच्या हाती एखादी जुनी वस्तू आली, तर तिला चकचकीत करायची घाई करू नका. आधी दोन्ही बाजू नीट बघा. गंज काढता येतो. त्याच्यासोबत जे गेलं, ते परत आणता येत नाही.

दोन दिवस हर्षल मजकूर लिहून खोडत होता. ठिपके आहेत म्हणून खोटंच सांगितलं असतं, तरी तिला कळलं नसतं. रविवारी त्याने खरं ते पाठवलं. 'ताई, चूक माझी. मशीन लावलं, तीन ठिपके गेले. खाली एक खळगा आहे. तो ठिपकाच आहे का, मला सांगता येत नाही.' सोबत फोटो जोडला.

सोमवार कोरडा गेला. आज मंगळवारी पहाटे तिचा मेसेज आला.

"फोटोत मला कळत नाय. तू अंगठा लावून बघ. आत गोल लागतो काय? खिळ्याचा असला तर गोल लागंल."

आता सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं झाली आहेत. कंपनीची बस साडेसहाला येते. हर्षल बूट घालून बाल्कनीत बसला आहे. फोन मांडीवर आहे, आणि त्याचा अंगठा माझ्या चौथ्या ठिपक्यावर. उत्तर अजून गेलेलं नाही.