हौसाचा झगा

चिंचवडातल्या दोन-चार गड्यांना पेरणीची पाभर धरायला छबूबाईनं शिकवलं होतं. पण तिचं रान मागल्या साली कारखान्याच्या कुंपणात गेलं, आणि आता पाच वर्षांच्या नातीनं, हौसानं, वेगळंच खूळ घेतलं. परकर-पोलकं घालून शाळेत जाणार नाही; कारखान्याच्या वसाहतीतल्या पोरींसारखा झगाच पाहिजे. तिची आई बाळंतपणाला माहेरी गेलेली.

"शिंप्याकडं टाकू," छबूबाईचा मुलगा म्हणाला.

"शिंपी कशापायी? मी हाय न्हवं?" छबूबाई बोलून गेली, आणि अडकली.

शेजारच्या खोलीत बार्शीकडची कौशल्या भाड्यानं राहायची. नवरा कारखान्यात, आणि घरात पायाचं शिवणाचं मशीन. तिनं हौसेनं शिकवायला घेतलं.

"मावशी, चाकाला हातानं पुढं ढकला, मग पाय हलवा."

छबूबाईनं पाय हलवला. चाक उलटं फिरलं, दोरा तुटला. ओवला, पुन्हा तुटला. सकाळभर हेच.

"बैलाला हाळी दिली तर मान तरी वळवतो. ह्ये मुडदं नुसतं मागंच पळतंय!"

तीन दिवस जुन्या धडप्यावर टिपा मारून झाल्या. एकही सरळ नाही. चौथ्या दिवशी फुलाफुलांची चीट पसरली. "मी पाणी भरून येते, तोवर कात्री लावू नका," असं बजावून कौशल्या नळावर गेली. छबूबाईला कुठला दम निघतोय! तिनं हौसाचं परकर-पोलकं चिटेवर ठेवलं आणि त्याच्या कडेकडेनं करकर कापून काढलं.

कौशल्यानं घागर खाली ठेवली आणि कपाळाला हात लावला.

"माया किती सोडली, मावशी?"

"माया? अगं, सख्खी नात हाय माजी!"

"ती माया नव्हं. शिवणीत जातं ते जादा कापड!"

छबूबाईचं तोंड उतरलं. पण कापड वाया घालवायचं तिच्या जिवावर आलं. तिनं हट्टानं झगा तसाच शिवला आणि हौसाच्या डोक्यातून घातला. तो कानांशी अडकला. खालीही येईना, वरही जाईना.

"आज्जे, काढ! दिसंना काई!" पोर आतून भोकाड पसरून रडू लागली. ओढाओढीत कान लालबुंद झाले. शेवटी छबूबाईनंच पाठीमागून कमरेपर्यंत कात्री चालवली, झगा मशीनवर भिरकावला आणि ओट्यावर जाऊन बसली. संतापानं डोळे भरून आले होते.

कौशल्या झगा उलटसुलट करत बाहेर आली. "मावशी, हे बरंच झालं की. मागं पट्टी लावू, बटणं लावू. बाजूंना दुसऱ्या कापडाच्या पट्ट्या घालू. लहान पोरींचा झगा मागूनच उघडा ठेवतात."

"मग आदी का न्हाई सांगितलंस?"

"सांगणारच होते! पाणी भरून आल्यावर!"

छबूबाई आणखीच चिडली. पण उठली. पट्ट्या लावायला दोन दिवस गेले. एक बाही चुकून उलटी बसली, ती उसवून पुन्हा लावली. काजं घालताना बोटांची चाळण झाली.

सोमवारी हौसा झगा घालून शाळेत गेली. दुपारी आली तेव्हा झग्याची दुमड एका बाजूनं लोंबत होती आणि पुढं शाईचा भलाथोरला डाग.

"आज्जे, चिंचा ठेवायला खिसा पायजे. दोन पायजेत."

"खिसा म्हणं! दोन म्हणं!" छबूबाई कडाडली. मग झगा तसाच तिच्या अंगावरून उतरवला, काखोटीला मारला आणि कौशल्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"ए पोरी, खिशाला ती तुजी माया किती सोडायची गं?"