हवेलीतली सहावी केस

माझ्या नातीच्या, वेदिकेच्या टॅबवरचा नवा गेम आधी मी खेळून बघितला, कारण सुनेने निर्णय माझ्यावर सोपवला होता. "आई, तुम्ही चौतीस वर्षं मुलांना शिकवलंत. त्यात खून-बिन असेल तर सांगा, काढून टाकते," रुचा म्हणाली.

दोन दुपारी मी तो खेळले. एका हवेलीत चोऱ्या होतात. डिटेक्टिव्हने प्रत्येक खोलीच्या चित्रात लपलेल्या बारा वस्तू वेळ संपायच्या आत शोधायच्या, म्हणजे पुरावा हाती लागतो. वस्तूंची यादी खाली हिंदीत. एकूण सात केसेस. मारामारी नाही, रक्त नाही. गालिच्यावर एक डाग होता, तो शाईचा निघाला. "घरातल्या सगळ्यांनी मिळून खेळण्यासारखा आहे," मी रुचाला सांगितलं.

पहिल्या दोन केसेस वेदिकेने आणि मी देवासच्या आमच्या घरी, रविवारच्या सुट्टीत दिवाणावर शेजारी शेजारी बसून सोडवल्या. ती नऊ वर्षांची. ती इन्स्पेक्टर, मी हवालदार.

"आजी, छाता तुझ्या नाकासमोर आहे! चष्मा शोभेला लावलाय का?"

"सरकारी चष्मा आहे साहेब, असाच मिळतो."

ती हसत हसत माझ्या मांडीवर कोसळायची.

मग माझ्यातली शाळेतली बाई जागी झाली. वेदिकेची शाळा हिंदीची. मराठी ती बोलते, पण निम्मे शब्द हिंदी, आणि वाचताना अडखळते. बारा वस्तू म्हणजे बारा शब्द, असं माझ्या मनात आलं. तिसऱ्या केसपासून मी नियम केला: वस्तू दिसली की आधी तिचं मराठी नाव सांगायचं, मगच बोट लावायचं. पुढे ते वहीत लिहायलाही लावलं. शब्द आठवेपर्यंत तिचं बोट हवेत थांबायचं आणि मी शांतपणे वाट बघायची. शाळेत माझ्या धीराचं नेहमी कौतुक व्हायचं. इथे वेळ तिची जात होती, माझी नाही, हे मला सुचलं नाही.

सहाव्या केसच्या दिवशी धारहून आमच्या ह्यांचे मावसभाऊ बळवंतराव आले होते. "काकाआजोबांना दाखव बरं," मी वेदिकेला म्हटलं. अकरा वस्तू तिने नावांसकट शोधल्या. बारावी वस्तू अडकित्ता. तोही तिला लगेच दिसला, उशीखाली.

"आजी, टॅप करू?"

"आधी नाव."

"सरौता."

"ते हिंदी झालं. आठव, मागे सांगितलं होतं."

तिने ओठ चावला. वेळ संपली, केस गेली. बळवंतराव मोठ्याने हसले. "वहिनी, तुमच्या इन्स्पेक्टरला चोर सापडला, पण पकडायची परवानगी मिळाली नाही!" सगळे हसले. मीही.

वेदिका हसली नाही. "मुझे पता था कहाँ है," एवढंच बोलून तिने टॅब उचलला आणि आत गेली.

पुढच्या रविवारी तिला होमवर्क होता. त्याच्या पुढच्या रविवारी पोट दुखत होतं. मी आग्रह केला नाही. राग आपोआप उतरेल असं वाटलं. तिसऱ्या रविवारी वाळवण आणायला गच्चीवर निघाले, तर जिन्यात मायलेकी टॅबवर वाकून बसलेल्या. "मम्मी, वो रहा, वो रहा!" वेदिका ओरडत होती. मला बघताच ती गप्प झाली आणि वर्गात बाई आल्यावर मुलं बसतात तशी पाठ ताठ करून बसली.

"या ना आई, बसा," रुचा ओशाळून म्हणाली.

मी पायरीवर टेकले. "वेदू, तो नियम आता बंद. मलाही घे खेळायला."

"आजी, सातवी केस आत्ताच झाली. गेम खतम."

"मग पुन्हा पहिल्यापासून खेळू."

तिने विचार केला. मला वाईट वाटू नये म्हणून केला असावा. "खेळू. पण आता मला सगळं माहीत आहे, काय कुठे आहे ते."

तरी आम्ही खेळलो. पहिल्या चित्रात काही शोधायचं उरलंच नव्हतं. मी एक शब्द बोलले नाही. पण प्रत्येक वस्तूवर बोट ठेवण्याआधी वेदिका क्षणभर थांबत होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती.