फुलांत घालायचा जोड

"टाच कापायची असंल तर आत्ताच सांगा. दसरा झाल्याबिगर मी टेबलावर चढायची नाय."

सरुबाई बाकावर बसून मलाच दम देत होत्या. साल अठ्ठ्याण्णव. पंचवटीत माझा फिजिओथेरपीचा दवाखाना उघडून जेमतेम वर्ष झालं होतं. पेशंट कमी, दटावणारे जास्त. मागे त्यांचे यजमान भिमाजी टोपी हातात धरून उभे होते. मखमलाबादला दोघांचा दोन एकर झेंडू होता.

"कापायचं काही नाही हो. दुखतं कधी?"

"सकाळी खाटंवरून पाय टेकला की खिळा घुसल्यावानी. जरा चाललं की बरं. दसऱ्याच्या तोडणीला पहिलं फूल चौतीस वरसं मीच तोडते. औंदा काय बांधावर बसून बघू?"

त्यांना भीती ऑपरेशनची नव्हती, बांधाची होती.

मी उपाय सांगितले. उठायच्या आधी पावलाला टॉवेल अडकवून पंजा आपल्याकडे ओढायचा. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची. बर्फाची बाटली तळव्याखाली फिरवायची. आठवड्यातून दोनदा मशीनचा शेक. आणि मऊ टाचेच्या चपला घरात, दारात, शेतात, सगळीकडे.

बाई मोठ्या कष्टाळू. शेजारच्या कुसाबाईंच्या फ्रिजमध्ये त्यांची बाटली कायमची मुक्कामाला गेली. भिंतीला रेटा देताना भिमाजी विचारायचे म्हणे, "घर पाडती का काय?" सगळं अगदी वेळच्या वेळी होत होतं, आणि तीन आठवड्यांनी दुखणं जिथल्या तिथं. माझी मात्र झोप उडाली. पुस्तक चुकलं की मी?

शेवटी एका सकाळी मी स्कूटर काढून मखमलाबाद गाठलं. बांधावर मी सांगितलेल्या मऊ चपला शेजारी शेजारी, नीट ठेवलेल्या. आणि सरुबाई झेंडूत, ढेकळांवर अनवाणी.

माझा पारा चढला. "सरुबाई! सगळीकडे म्हणजे सगळीकडे!"

"अवो बाई, ही फुलं देवाला जात्यात. त्यात चप्पल घालून कसं हिंडू? सासूबाईंनी घालून दिलेली रीत हाय."

"दिवसातले सहा तास अनवाणी, मग टाच बरी कशी होणार?"

सरुबाईंनी पाटाशी उभ्या भिमाजींकडे पाहिलं. आई त्यांची, रीतही त्यांचीच. ते पाटाच्या पाण्याकडे बघत राहिले. मी चरफडत परत आले. देवापुढे माझी डिग्री काय कामाची!

चार दिवसांनी भिमाजी एकटेच दवाखान्यात आले. "तसलाच अजून एक जोड कुठं भेटंल?"

"इतक्यात झिजला?"

"नाय. तो रस्त्याचा. रस्त्यावरची चप्पल फुलांत नाय चालायची. हा नवा घरून टोपलीत घालून न्यायचा आन् फुलांतच घालायचा. आई असती तर तिलाबी पटलं असतं." मग टोपी हातात फिरवत म्हणाले, "तिचीबी टाच लय दुखायची. आमी कधी इचारलंच नाय."

आठव्या दिवशी सरुबाई हसत आल्या. सकाळचा खिळा बोथट झाला होता. महिन्याभरात त्या कठडा न धरता दवाखान्याच्या पायऱ्या चढल्या, आणि खुशीत मीच त्यांना चहा पाजला.

दसऱ्याला मला जेवायचं आमंत्रण होतं. तोडणी आदल्याच दिवशी उरकली होती. पहिलं फूल कुणी तोडलं हे मी विचारायच्या आत सरुबाईंनी दोनदा सांगून टाकलं. ओसरीवर हत्यारांची पूजा मांडलेली. विळा, खुरपं, कुदळ, फवारणीचा पंप. आणि ओळीच्या शेवटी, धुऊन पुसलेला, हळदकुंकू लावलेला, फुलांत घालायचा तो निळा जोड. दोन्ही टाचांवर एकेक झेंडू.

"चपलांची पूजा?" मला हसू आवरेना.

"हत्यारच हाय ते," भिमाजी गंभीरपणे म्हणाले.

"आन् पूजेच्या दिवशी हत्याराला सुट्टी असती," सरुबाईंनी खाटेवर ऐसपैस बैठक मारली. "चपला उठत नाय तवर मीबी उठायची नाय. वाढा आता."

भिमाजींनी खरंच ताटं घेतली. पहिली पुरणपोळी सरुबाईंच्या पानात पडली. सरुबाई दोन्ही पाय खाटेखाली सोडून, उन्हात टाचा हलवत जेवत होत्या.