चढाची वाडी

आमच्या वाडीला स्वतःचं कौतुक ऐकायची भारी हौस. पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे निघालं की डाव्या हाताला वर जी घरं दिसतात, ती आमची. खालून जवळ वाटतात, पण नवखा पाहुणा अर्ध्या वाटेत दगडावर बसतो आणि वर बघून हाका मारतो. आम्ही ओट्यावरून त्याची मजा बघतो. ‘चढाची माणसं’ असं खालचे लोक आम्हाला म्हणतात, आणि ते आम्ही अंगावर मिरवत होतो. श्रुतिकाने यंदा ते उतरवलं.

श्रुतिका ही महिपतची मुलगी. महिपत मुंबईला नोकरीला, वाडीत ती आणि तिची आई शकू. पोरगी पोलादपूरला कॉलेजात जाते. तिचा काका भरत, त्याचं एसटी स्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान. कुणीतरी भंगारात टाकलेली गियरची सायकल त्याने नीट केली आणि पुतणी आठवीत असताना तिला दिली. तेव्हापासून ती रोज त्या सायकलवरून घरी येते. वाडीचा रस्ता कच्चा, पावसाने धुपून त्याची नुसती घळ झालेली, त्यावरून रिकामी जीपसुद्धा कण्हत येते. पोरगी मात्र कुठे उतरायची नाही. भरत छाती फुगवून सांगायचा, “आमच्या पोरीच्या पायांत इंजिन हाय.”

पुण्याचा यशराज नावाचा तरुण दर हिवाळ्यात इथे डोंगरी सायकलींची शर्यत भरवतो. खालच्या पुलापासून कच्च्या रस्त्याने वाडीपर्यंत यायचं, देवळाला वळसा घालायचा आणि आलेल्या रस्त्यानेच खाली जायचं. मुलींमध्ये दोन वर्षं श्रुतिकाच पहिली. चढावरच ती इतकी पुढे निघून जायची की उतारावर तिला गाठणं कुणाला जमायचं नाही. भरत देवळापाशी पाण्याची बाटली घेऊन उभा राहायचा आणि “हाण गो, हाण!” म्हणून ओरडायचा. आम्हीही ओरडायचो. आपली पोरगी शहरातल्या पोरींना धापा टाकायला लावते, याचं सुख काही वेगळंच असतं.

यंदा यशराज आला तो नवीनच बेत घेऊन. चढ मोजणार नाही म्हणाला. सायकली आणि स्पर्धक पिकअपमधून वाडीत आणायचे, ज्यांच्याकडे बॅटरीवाली सायकल असेल त्यांनी तिच्यावरून यावं, आणि घड्याळ लावायचं ते फक्त उताराला. तोही रस्त्याने नाही, तर आमच्या जुन्या पायवाटेने, वळणं घेत, दगडांवरून, ओढ्यातून. मुलींमधल्या पहिल्या दोघींना पुण्याच्या एका संघाच्या शिबिरात जागा मिळणार होती. तिथे शिकवणार, नवी सायकल देणार, पुढे मोठ्या स्पर्धांना नेणार.

“चढाच्या शर्यती बंद नाही झाल्या,” यशराज समजावत होता, “पण नवीन पोरं सगळी उताराकडे वळलीत. खेळ तिकडे चाललाय, काका.”

भरतचा पारा चढला. “उतारावरनं फणसबी गडगडत येतो! त्यात कसला रे खेळ? आमची पोर जिंकते म्हणून चढ काढलास व्हय?”

यशराज बिचारा नाही नाही म्हणत राहिला. पण भरतने एक गोष्ट बरोबर हेरली होती. पायवाट आमच्या डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतून जाते, म्हणजे गावकीच्या परवानगीशिवाय तिच्यावरून सायकल सोडता येणार नाही. त्याच रविवारी देवळात गावकी बसली. मी गावकीचा चिटणीस, त्यामुळे माझं मतही मोठ्या आवाजात पडलं. अध्यक्ष सयाजी म्हणाला, आपल्या पोरीवर अन्याय होतो तर आपण काय बांगड्या भरल्यात? ठराव झाला: वाट हवी तर चढ मोजायचा. मी यशराजला तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, “जागा तुमची, तुमचा शब्द.”

आम्ही लढाई जिंकल्यासारखे घरोघर गेलो.

श्रुतिका दोन दिवस कुणाशी बोलली नाही. परीक्षा असेल, असं आम्हाला वाटलं. पुढच्या बैठकीला देवदिवाळीची तयारी ठरवायची होती. पुरुष आत, बायका बाहेर पायरीवर, अशी आमच्याकडची रीत. विषय संपत आला तशी ती उठली आणि सरळ आत येऊन उभी राहिली.

“आबा,” ती सयाजीला म्हणाली, “तो शर्यतीचा ठराव मागं घ्या.”

सयाजीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. “अगो, तुझ्यासाठीच तर केला.”

“मला इचारलं कुणी?”

खरंच कुणी विचारलं नव्हतं. तिची बाजू आम्ही इतक्या जोरात घेतली होती की तिला विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

“अगो पण चढ मोजला तर तूच पहिली,” सयाजी म्हणाला. “शिबिराला जाशील. मग शिक तिथं काय तो उतार.”

“तशी गेले तर तिथंबी चढाचीच पोर म्हणून जाईन. मला उतरायला आवडतं, आबा. वरसभर मी गवत आणायच्या वाटेनं उतरायला शिकतेय. पहिल्यांदा पडले, आता कमी पडते. उतरण्यात मी किती पाण्यात हाय, ते मला बघायचं हाय.”

भरत कोपऱ्यात बसला होता. तो तिथूनच म्हणाला, “म्हणजे... चढ आवडत नाय तुला?”

“काका, घर वर हाय म्हणून मी चढायची. मला काय हौस होती?” तिचा आवाज मऊ झाला. “तुम्ही बाटली घेऊन उभे असायचे. कसं सांगणार?”

भरतचा चेहरा बघवेना. मला खरोखर वाईट वाटलं त्याचं. माणसाने प्रेमाने वाढलेलं ताट कुणी इतकी वर्षं मुकाट गिळत होतं, हे कळल्यावर वाढणाऱ्याने कुठे बघायचं?

सयाजीने मात्र अध्यक्षपण सोडलं नाही. “ते असू दे. पण गावकीचा शब्द फिरत नाय. आपण चढाची माणसं. आपल्या वाडीची ती शान हाय.”

तेव्हा पायरीवरून शकू उठली. शकू गावकीत कधी बोललेली मला आठवत नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून ही बाई डोक्यावर पाणी घेऊन चढली, भारे घेऊन चढली, पोर पोटात असताना चढली.

“कसली शान?” ती दारातून म्हणाली. “ह्या वाडीत चढ कुणाला आवडतो, त्यानं हात वर करा.”

कुणी हात वर केला नाही. बायका तर हसायलाच लागल्या. मी सयाजीकडे बघितलं. त्याचा हात त्याच्या गुडघ्यावर होता, ज्या गुडघ्यासाठी तो महाडच्या डॉक्टरकडे खेपा घालतो. तो हात तिथेच राहिला. माझाही राहिला. मुंबईची नोकरी संपवून मी वाडीत परत आलो ते हवापाण्यासाठी, चढासाठी नव्हे, आणि चढ मलाही नको असतो, ही गोष्ट मी आजवर बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

“देवापुढं नारळ ठेव रे कुशाबा,” शेवटी सयाजी मला म्हणाला. “शब्द मागं घेतला म्हणून सांग त्याला.”

मी नारळ ठेवला, देवाला तसं गाऱ्हाणं घातलं आणि यशराजला फोन केला. भरत त्याआधीच उठून गेला होता.

शर्यतीच्या दिवशी पिकअप सायकली घेऊन वर-खाली करत होती. एका खेपेला मागच्या सायकलींमध्ये आमच्या चार बायका बाजाराच्या पिशव्या घेऊन बसून आल्या, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी शकू. उतरल्यावर ती मला म्हणाली, “भावोजी, आज घाम न येता घरी आले.”

भरत आला नव्हता. दुकान उघडं ठेवतो म्हणाला होता.

मुली सात होत्या. पायवाटेवर जागोजागी आम्ही उभे होतो आणि एकेक पोरगी सुटत होती. श्रुतिका सुटली ती मला नीट दिसलीच नाही, नुसती माती उडालेली दिसली. पण जांभळीच्या वळणावर तिचं मागचं चाक सरकलं आणि ती आडवी झाली. लगेच उठली, सायकल उचलली, निघाली. तेवढंच पुरलं. ती तिसरी आली. दुसरीपेक्षा थोडीच मागे, पण मागे. शिबिर गेलं.

चढ मोजला असता तर ती पहिली असती. हे पुलापाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या मनात आलं, आणि कधी नव्हे ते वाडीतलं कुणी तोंड उघडलं नाही. कोपर सोलवटलेलं, केसात माती, अशी ती हातपंपावर पाणी पीत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. वाईट वाटलं नाही, असं ती म्हणाली नाही. “लय वाटतंय,” म्हणाली. “पण पुढल्या वरसाला ते वळण मी सोडणार नाय.”

मी तिथूनच दुकानात गेलो आणि भरतला सगळं सांगितलं. तो पंक्चर काढत होता. मान वर न करता त्याने विचारलं, “कुठल्या वळणाला?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुदळ घेऊन वाडीत हजर. मला घमेलं धरायला लावलं. जांभळीच्या वळणाची सैल माती आम्ही काढली, बाहेरच्या अंगाला दगड बसवले, माती ठोकून बांध केला. भरतच्या तोंडाची टकळी चालूच होती, फणस गडगडण्यावरून तो अजून उतरला नव्हता. मग त्याने वर हाक मारली, “ये गो आता! बघू दे!”

ती आली. बांधावर चाक चढवून, गुडघा बाहेर काढून, वळण घेऊन आमच्यासमोरून गेली. पाच हातांवरून गेली असेल. हसत होती. दात दिसत होते, लहानपणी झोपाळ्यावर असायची तशी हसत होती.

भरत ती गेली त्या बाजूला बघत उभा राहिला. मग म्हणाला, “कुशाबा, दोन वरसं मी वर बाटली घेऊन उभा राहायचो. तिचं तोंड समोरनं बघायचो रे. ती अशी हसताना कधी दिसली नाय.”

मी घमेलं खाली ठेवलं. त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, कुदळ उचलली आणि पुढच्या वळणाकडे खाली चालू लागला.