आयव्हसनच्या गवतातलं घरटं

पक्षी दिसला की भूक, तहान आणि प्रसंगी बायकोही विसरणारी एक जमात इंग्लंडात गावोगाव आहे. यॉर्कशरच्या त्या खोऱ्यात जमातीची शाखा दोघांचीच होती: शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली थेल्मा आणि जन्मभर बस चालवलेला बर्नार्ड. मे संपत आला होता. दोघं सकाळपासून आयव्हसनच्या कुरणाशेजारी दगडी कुंपणाआड दबा धरून बसली होती आणि थेल्माचा जीव टांगणीला लागला होता.

कारण कर्ल्यू परत आले होते! कोयत्यासारख्या लांब वाकड्या चोचीचा, काळजात कळ उठेल अशी शीळ घालणारा हा पक्षी खोऱ्यातून जवळजवळ नाहीसाच झाला होता. यंदा एक जोडी या गवतात उतरली होती. अंडी घातली होती हे नक्की, कुठं ते मात्र कळेना. आणि आज दुपारी गवत कापणार होते.

आयव्हसन शाळेत तिच्याच वर्गात होता, त्यामुळे भीडभाड नव्हती. "हे बघ थेल्मा," तो म्हणाला होता, "घरटं दाखव, भोवतीचा तुकडा सोडतो. पण 'असेल इथंच कुठंतरी' म्हणून अख्खं कुरण सोडू? उद्यापासून पाऊस आहे. हिवाळ्यात माझ्या गायी काय तुझी शीळ खातील?"

गवत तुडवत शोधण्यात अर्थ नव्हता. ही कर्ल्यू बया घरट्यावरून उठते ती मान खाली घालून लांबवर चालत जाते आणि मग उडते. जिथून उडाली तिथं शोधणारे जन्मभर शोधत बसतात. उपाय एकच. नर आणि मादी आळीपाळीनं अंडी उबवतात. पाळी बदलताना आलेला पक्षी जिथं खाली बसेल तिथं एकानं दुर्बीण रोखायची आणि दुसऱ्यानं सरळ तिथं चालत जायचं. रोखणाऱ्यानं नजर हलवायची नाही. गवत सगळीकडे सारखंच. नजर सुटली की सगळं मुसळ केरात.

"आला!" थेल्मा कुजबुजली. नर गवतातून मान वर काढत, थांबत, पुन्हा चालत आला. मादी उठली आणि सटकली. तो बसला. "बर्नार्ड, नीघ! पिवळ्या फुलांच्या मागं!"

बर्नार्ड कुंपण चढून निघाला. त्याच वेळी फाटकातून कापणीचा ट्रॅक्टर धडधडत आत आला. आणि बर्नार्ड मध्येच थांबून आभाळाकडे आ वासून बघू लागला.

"थेल्मा! काळा करकोचा! अगं, आईशप्पथ, काळा करकोचा!"

या देशात काळा करकोचा दिसणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. थेल्मानं आयुष्यभर त्याची वाट पाहिली होती. त्याच्यासाठी ती एकदा बहिणीचं लग्न सोडून समुद्रकाठी धावली होती आणि हात हलवत परतली होती.

"डावीकडे हो!" ती ओरडली.

"अगं वर बघ! डोक्यावर आहे तुझ्या!"

"मेल्या, डावीकडे हो म्हणते ना!"

"चाललाय तो थेल्मा, एकदा बघ!"

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिनं पापणी लवू दिली नाही. बर्नार्ड वर बघत, धडपडत, तिच्या शिव्या खात चालला. "थोडा पुढे... अजून... थांब! पाय उचलू नकोस!"

त्याच्या बुटाशी फडफडाट झाला. नर किंचाळत उडाला.

थेल्मा धावत पोचली. चार अंडी, हिरवट, तपकिरी ठिपक्यांची. ट्रॅक्टरमागून चालत आयव्हसन आला, गुडघ्यावर बसला आणि एकदम हात वर करून चालकावर खेकसला, "अरे बंद कर ते धूड! इथं काही ऐकू येत नाहीये!"

ट्रॅक्टर थांबला. एका अंड्याला चीर गेली होती, आणि आतून बारीक चिवचिव येत होती.

"बोलतंय की गं," आयव्हसन हळूच म्हणाला.

आता एवढ्यावर गप्प बसली असती तर तुकडा पदरात पडला असता. पण थेल्माला ते जमेना. "खरं सांगू? तुकडा पुरायचा नाही. ही पिल्लं अंग सुकलं की चालायला लागतात. उद्या-परवा सगळ्या कुरणात असतील, आणि उडायला महिना तरी जाईल."

आयव्हसननं तिच्याकडे बघितलं, ढगांकडे बघितलं. पुन्हा कान अंड्याजवळ नेला. मग उठून चालकाला ओरडला, "खालच्या शेतात जा! हे राहू दे!"

थेल्मा भोकाड पसरून रडली, बर्नार्डला मिठी मारून हसली आणि पुन्हा रडली.

"पुरे झालं नाटक," आयव्हसन दोघांच्या अंगावर धावून आला. "निघा आधी इथून! कुंपणाच्या आत पुन्हा पाय टाकलात तर तंगडी मोडीन. माझे पक्षी बसलेत इथं!"