तापल्या कापडाचा वास

सून दाराशी आली की तिची चाहूल आधी अण्णांच्या नाकाला लागायची. त्यांची नजर जाऊन बरीच वर्षं झाली होती, नाक मात्र शाबूत होतं. ती हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत दिवसभर चादरींना इस्त्री करायची आणि संध्याकाळी तापल्या कापडाचा वास अंगावर घेऊन घरी यायची. न्हाऊनसुद्धा तो केसांतून जायचा नाही. "आली आमची इस्त्री," अण्णा म्हणायचे. रोज तोच विनोद, आणि रोज तीही हसायची. हसायला फारशी ताकद लागत नाही, तेवढंच त्यातल्या त्यात बरं.

आल्याआल्या तिचं पहिलं काम म्हणजे अण्णांच्या उशाशी असलेला घड्याळवाला रेडिओ बंद करणं. दिवसभर मशिनींच्या घरघरीत काढल्यावर तिला माणसाचासुद्धा आवाज नकोसा व्हायचा, तिथं बातम्या कोण ऐकणार? पण खरं सांगायचं तर तोच रेडिओ तिची अब्रू राखून होता. नवरा परमुलखात कामाला. ती कामावर गेली की अण्णांशी बोलायला घरात तेवढाच. नणंदेचं फोनवर एकच टुमणं, "अण्णांना माझ्याकडे पाठव, तुझ्याच्यानं व्हायचं नाही." आणि ही इरेला पेटून म्हणायची, "होतंय सगळं. रेडिओ आहे सोबतीला." अण्णांनाही हे घर सोडायचं नव्हतं. इथल्या भिंती त्यांच्या हाताला पाठ होत्या, लेकीकडे जाऊन या वयात पुन्हा कोण चाचपडत बसणार?

मागच्या आठवड्यात रेडिओच्या अडॅप्टरनं मान टाकली. कामावरून येताना, पाय ओढत, ती दुकानात शिरली. दुकानदारानं विचारलं, "किती व्होल्टचा हवाय?" तिनं जुन्याची पिन पुढे केली. "ही पिन बसली म्हणजे झालं." बसली. रेडिओ बोलायला लागला. वायर अण्णांच्या पायात येऊ नये म्हणून तिनं अडॅप्टर लावलेला एक्स्टेन्शन बोर्ड गादीखाली सारला, आणि धूळ बसू नये म्हणून रेडिओवर जुनी चादर दुहेरी करून घातली. सगळं कसं जीव लावून केलं आणि सगळंच चुकीचं केलं.

त्यानंतर एकदा अण्णा म्हणाले, "काहीतरी करपल्यासारखं वाटतंय गं."

"मीच ती," ती म्हणाली, आणि दोघंही हसली. दुसऱ्या कुठल्या घरात कुणीतरी उठून बघितलं असतं. या घरात त्या वासाचा मालक ठरलेला होता.

आज तिनं दार उघडलं तेव्हा रेडिओ गप्प होता. आयती शांतता मिळाली म्हणून तिला बरंच वाटलं. तिनं तोंड धुतलं, कपडे बदलले, तरी वास हटेना. उलट अण्णांच्या खोलीत तो जास्तच होता. तिनं वाकून हुंगलं, वास गादीतून येत होता. तिनं अण्णांना हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि गादी उचलली. खालून ताटलीएवढा तपकिरी डाग पडला होता, मधोमध काळं भोक. अडॅप्टरला बोट लावलं तर चटकाच बसला. तिनं धावत जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं. मग रेडिओ उलटा करून बघितला. त्याच्या पोटावर नऊ व्होल्ट लिहिलेलं, अडॅप्टरवर बारा. दोन्ही आकडे इतके दिवस तिथंच होते.

"अण्णा, गादी जळत होती! वास नाही आला तुम्हाला?"

"आला की. दुपारीच आला." अण्णा शांतपणे म्हणाले. "बातम्या चालल्या होत्या, त्या मधेच बंद झाल्या. म्हटलं, आज लवकर सुटलीस. आलीस, आणि आल्याआल्या रेडिओ बंद केलास."

"मी आत्ता येतेय, अण्णा."

अण्णांचा चेहरा उतरला. "मग दुपारभर मी कुणाशी बोललो?"

तिला एकदम हसू आलं. ती खाली फरशीवर बसली. हा म्हातारा माणूस विस्तवावर बसून आपल्याशी गप्पा मारत होता.

"काय बोलत होतात?" तिनं विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"तेच गं. रोज ओठांवर यायचं, धीर व्हायचा नाही. म्हटलं, पोरी, तू पार पिचून गेलीस. मी जातो लेकीकडे. मी जाऊ नये असं वाटत असेल तर तसं सांग. तू काही बोलली नाहीस. मी वाट बघितली, चांगला बराच वेळ बघितली. मग म्हटलं, पटलेलं दिसतंय. मग फोन लावला लेकीला. रविवारी येतेय न्यायला."

तिला सगळ्यात आधी वाटली ती सुटका. सकाळी उशिरा उठता येईल, घरी येऊन नुसतं पडता येईल, असं काहीबाही क्षणात डोक्यात येऊन गेलं. त्याच्या पाठोपाठ अशी लाज वाटली की मान वर होईना. नका जाऊ, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. ते खरेही होते. पण दुसरंही खरं होतं, आणि खोटं बोलायला लागतो तेवढाही जोर आज तिच्यात उरला नव्हता.

अण्णांनी तिच्या दिशेनं मान वळवली. "आता तर आहेस ना इथं? बोल काहीतरी. नाहीतर मला वाटायचं, अजून आलीच नाहीस."

"आलेय मी," ती म्हणाली.

अण्णांनी थोडी वाट बघितली. मग खुर्चीच्या हातावरून बोटं फिरवत म्हणाले, "बरं. माझी बॅग कुठं ठेवलीस, तेवढं सांग."